हळकुंड मोडून बघण्याचे पैसे

पत्र : नमस्कार. मी सांगलीत पाच वर्षांपासून एकटीच वेबसाईट बनवण्याचं काम करते. गेल्या वर्षी एका क्लासची साईट ३५,००० रुपयांना करायला घेतली. दीड महिन्याचं काम सात महिने चाललं. पहिलं पान नऊ वेळा बदललं, मजकूर शेवटपर्यंत आला नाही, आणि सगळं झाल्यावर सर म्हणाले, "आम्हाला खरं तर ॲडमिशनचा फॉर्म हवा होता." तेव्हाच ठरवलं, यापुढे आधी नीट विचार करायचा आणि त्याचे पैसे वेगळे घ्यायचे. आता एक हळदीचे व्यापारी आलेत. स्वतःच्या ब्रँडची हळद पावडर आणि मसाले त्यांना ऑनलाईन विकायचेत. मी म्हटलं, आधी स्ट्रॅटेजी करू, त्याचे १५,००० होतील. ते हसले. म्हणाले, "ताई, आधी दोन-तीन डिझाईन दाखवा. पसंत पडलं की पैशाचं बोलू. विचार करायचे कसले पैसे?" मी गप्प बसले. काय बोलायला हवं होतं? की आपल्याकडे हे चालतच नाही?
– एक वेब डिझायनर, सांगली

प्रिय सांगलीकर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं "मी गप्प बसले" हे वाक्य मनाला लागलं. मीही पुण्यात वीस वर्षं हेच काम केलं, आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं असाच गप्प बसत आलो. विचार फुकट द्यायचा आणि पानाला काय रेट पडतो त्यावर घासाघीस करायची, असंच चालायचं. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

आधी व्यापाऱ्यांची बाजू घेतो. त्यांचा प्रश्न रास्त आहे. "स्ट्रॅटेजीचे १५,०००" हे ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल? वेबसाईट म्हटलं की निदान मोबाईलवर काहीतरी दिसतं, शेजारच्या गाळेवाल्याला दाखवता येतं. स्ट्रॅटेजी दिसत नाही, तिचं वजन होत नाही, तिचा नमुना कोणी पाहिलेला नाही. अशा मालाला कुठलाही शहाणा व्यापारी पैसे काढणार नाही. तेव्हा पहिली दुरुस्ती तुमच्या शब्दात करा. स्ट्रॅटेजी हा शब्द त्यांच्यासमोर पुन्हा काढू नका. "पाहणी आणि आराखडा" म्हणा. पाहणीला कोणीतरी येतं, बसतं, बघतं, विचारतं. आराखडा हातात पडतो, तो कपाटात ठेवता येतो.

आपल्याकडे हे चालत नाही, असं तुम्हाला वाटतंय. ते खरं नाही. याच व्यापाऱ्यांनी कधीतरी बँकेकडे कर्ज मागितलं असेल. तेव्हा सीएकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला असेल, आणि कर्ज मंजूर होण्याआधी त्याची फी दिली असेल. गोडाऊन बांधताना नकाशाचे पैसे आर्किटेक्टला दिले, तेव्हा एक वीटही रचलेली नव्हती. म्हणजे कागदावरच्या विचाराला पैसे द्यायची सवय त्यांना आहे. फरक एवढाच, की त्या कागदाला नाव आहे, तो कशासाठी लागतो हे ठाऊक आहे, आणि तो न केल्यास काय अडतं हेही ठाऊक आहे. तुमच्या कागदाला अजून यातलं काहीच नाही. ते तुम्हाला तयार करायचंय.

त्यांच्याच धंद्यातलं उदाहरणही तुमच्या उंबऱ्याशी आहे. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला खरेदीदार पोत्यातलं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि मग बोली बोलतो. वरून पिवळंधमक दिसणारं हळकुंड आत फिकं निघू शकतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. तुम्ही म्हणू शकता, "शेठ, तुम्ही हळकुंड मोडल्याशिवाय भाव बोलत नाही. मला मात्र तुमचा धंदा आतून न बघता डिझाईनही दाखवायला सांगताय आणि भावही बोलायला सांगताय." हे शांतपणे, आदरानं म्हणा. टोमण्यासारखं गेलं तर बैठक तिथंच मोडेल.

पण उपमेनं मान डोलते, खिशातला हात बाहेर येत नाही. तो येतो तो दुसऱ्या एका गोष्टीनं, आणि ती तुम्हाला आधी स्वतःला पटली पाहिजे.

फुकट दिलेल्या सल्ल्याचं पोट पुढच्या कामातून भरावं लागतं. मी जर आधीचा सगळा विचार फुकट करत असेन, तर माझी कमाई साईट बनली तरच होते, आणि साईट मोठी झाली तर जास्त होते. मग ग्राहकानं विचारलं, "मला ऑनलाईन दुकान लागेल का हो?" तर माझं उत्तर आधीच एका बाजूला कललेलं असतं. मी कधी जाणूनबुजून खोटं बोललो नाही. पण त्या आठ-नऊ वर्षांत एकाही ग्राहकाला "तुम्हाला याची गरज नाही" असं मी सांगितल्याचं मला आठवत नाही. इतक्या लोकांपैकी प्रत्येकालाच गरज असेल, हे शक्य आहे का? पाहणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो, त्या पहिल्याच वर्षी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. माझा प्रामाणिकपणा वाढला नव्हता. फक्त "नको" म्हणण्याचेही पैसे मला मिळालेले होते.

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराची गोष्ट सांगतो. ते पंपांचे सुटे भाग बनवायचे. त्यांना हवं होतं ऑनलाईन दुकान, म्हणजे कार्ट, पेमेंट गेटवे, लॉगिन, सगळं. माझ्या हिशेबानं ते काम १ लाख ८० हजारांचं होतं. मी म्हटलं, आधी पाहणी करू, १२,००० रुपये. ते नाखुशीनंच तयार झाले. मी दोन दिवस त्यांच्या ऑफिसात टेलिफोनशेजारी खुर्ची टाकून बसलो. फोन यायचे ते सोसायट्यांच्या प्लंबरचे आणि कारखान्यांच्या मेंटेनन्स खात्यातल्या माणसांचे. बहुतेकांचं म्हणणं एकच : "माझ्या पंपावर अमुक नंबर आहे, त्याचं सील मिळेल का?" ऑनलाईन पैसे भरायचे नव्हतेच कुणाला. त्यांना परचेस ऑर्डर काढायची होती, जीएसटीचं बिल हवं होतं, महिन्याची उधारी हवी होती. आराखड्यात मी लिहिलं, दुकान करू नका. भागांच्या नंबरांची अशी यादी करा की नंबर टाकला की ड्रॉईंग समोर येईल, आणि खाली एक बटण द्या, ते दाबलं की तो नंबर थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर. काम ७० हजारांत झालं. त्या एका कागदानं माझं १ लाख १० हजारांचं काम गेलं. पण पुढच्या दोन वर्षांत त्यांनी त्याच पट्ट्यातले चार कारखानदार माझ्याकडे पाठवले, आणि त्यांतल्या एकानंही पाहणीचे पैसे कशाला असं विचारलं नाही. "यानं मला दुकान करू दिलं नाही," हे त्यांना आधीच सांगितलं गेलं होतं.

तर व्यापाऱ्यांना सांगायची मुख्य गोष्ट ही : "आराखडा तुमच्या मालकीचा. तो घेऊन तुम्ही माझ्याकडून साईट करा, दुसऱ्याकडून करा, पुतण्याकडून करा, किंवा करूच नका. माझे पैसे आराखड्यातच मिळालेले असतील, त्यामुळे त्यात जे लिहीन ते तुमच्या बाजूनं लिहीन." हे शेवटचं वाक्य व्यापाऱ्याला लगेच कळतं. दलाली कोणाकडून मिळते त्यावर दलालाचं मत ठरतं, हे त्यानं आयुष्यभर पाहिलेलं असतं.

एक गोष्ट तुमच्या धीरासाठी. ब्रिटिश सरकारनं २०११ मध्ये सरकारी वेबसाईटसाठी एक वेगळं खातं उभारलं. तिथल्या कामाच्या पद्धतीत बांधायला घेण्याआधी शोधाचा एक स्वतंत्र टप्पा असतो, आणि त्या टप्प्याच्या शेवटी "हे बांधू नये" असा निर्णय झाला तरी तो टप्पा वाया गेला असं धरत नाहीत. म्हणजे तुम्ही काही विचित्र मागत नाही आहात. व्यापाऱ्यांना मात्र हे सांगत बसू नका, त्यांना लंडनचं काही देणंघेणं नाही.

आता तुमच्या या हळदीच्या कामात पाहणी म्हणजे नेमकं काय करायचं ते बघू, कारण तुम्हालाच ते दिसलं नाही तर त्यांना कसं दाखवाल?

सुरुवात त्यांच्या मोबाईलपासून करा. परवानगी घेऊन शेवटचे शंभर व्हॉट्सॲप मेसेज वाचा. मागणारं कोण आहे? पुण्या-मुंबईत राहणारी, सांगलीला आलं की चार किलो हळद बांधून नेणारी माणसं? हॉटेलवाले? की किराणा दुकानदार, ज्यांना पाकीट नकोच, पोतं हवंय? या तिघांसाठी तीन वेगळ्या साईट होतात. कोणती करायची हे डिझाईन बघून ठरत नाही.

मग कुरियरचा हिशेब मांडा. हा मी सगळ्यात आधी करेन. समजा, २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना आहे आणि ते पोचवायला ६० रुपये लागतात. कोण घेईल? मग कमीत कमी ऑर्डर किती ठेवायची, एक किलोचा डबा करायचा का, हळद-तिखट-मसाला एकत्र बांधायचा का, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. त्यांच्यासमोर कागदावर हे गणित करा. मला खात्री आहे, त्या अर्ध्या तासात ते तुमच्याकडे डिझाईनवाली म्हणून बघायचं थांबवतील.

आपल्याकडे वर्षाचं तिखट आणि मसाला उन्हाळ्यात होतो. नवी हळद त्याच्या थोडं आधी बाजारात येते. म्हणजे साईट जूनमध्ये सुरू झाली तर मुख्य हंगाम हातचा गेला. सुरू करायची तारीख आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवी, आणि तिथून मागे मोजत मजकूर कधी, फोटो कधी, चाचणी कधी.

कायद्याचंही थोडं आहे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० सालचे आहेत. स्वतःच्या साईटवरून माल विकणाऱ्याला आपलं नाव-पत्ता दाखवावा लागतो, तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत ती निकालात काढावी लागते. तर त्यांच्या पेढीत हा अधिकारी कोण? रविवारी आलेली ऑर्डर कोण बघणार? पाकीट फुटून गेलं तर पैसे परत की माल परत? अन्न परवान्याचा नंबर कुठे दाखवायचा? आणखी एक, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. साईटवर ते मोठ्या अक्षरांत मिरवावं असं त्यांना वाटणारच. पण ते नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. त्यांची आहे का? पावडर दळली जाते ती हळद नेमकी कुठली? हे आधी विचारलेलं बरं. साईट सुरू झाल्यावर कळलं तर लाजिरवाणं होतं.

मजकुराचं तर विचारूच नका. तुमचे क्लासचे सात महिने बहुतेक त्यातच गेले असणार. मराठी मजकूर जुन्या माहितीपत्रकातून येतो, ते श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाईप केलेलं असतं, आणि ते वेबसाईटला लागणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात. एकेक ओळ कोणीतरी वाचून सुधारावी लागते. कोण वाचणार? किती दिवसांत? साईट मराठीत, इंग्रजीत की दोन्हींत? पदार्थांची माहिती कोण लिहिणार? "उद्या पाठवतो" या दोन शब्दांत आपल्या धंद्यातले किती महिने बुडालेत! आराखड्यात प्रत्येक पानापुढे नाव आणि तारीख लिहा : हे पान शेठ देणार, हे वहिनी देणार, हे मी लिहिणार आणि त्याचे वेगळे इतके.

डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे तेवढं बघून घ्या. आधीच्या कुणा मुलानं स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवलेलं असेल, तर ते सोडवण्यात आठवडे जातात.

शेवटी पेन्सिलनं तीन-चार पानांची साधी रेखाटनं करा आणि त्यांच्या पाच ग्राहकांना दाखवा. "इथून एक किलो हळद मागवा बघू," एवढंच म्हणा आणि तोंड बंद ठेवा. वेबसाईट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलंय की पाच माणसांकडून तपासलं तरी वापरातल्या बहुतेक अडचणी उघड्या पडतात. माझा अनुभवही तोच आहे. पाचजणांपैकी तिघं एकाच जागी अडखळले की मालकाचा आणि आपला वाद तिथंच मिटतो. पहिलं पान नऊ वेळा का बदललं? कारण तिथं सरांची आवड आणि तुमची आवड समोरासमोर होती, विद्यार्थ्यांचे पालक खोलीतच नव्हते.

हे सगळं आठ-दहा पानांत, साध्या मराठीत लिहा. त्यात एक पान "काय करायचं नाही" याचं हवंच. माझ्या अनुभवात ग्राहक ते पान सगळ्यात आधी वाचतात, आणि पैसे वसूल झाल्याची भावना त्यांना तिथंच येते.

पैशाबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अंदाजे कामाच्या दहा-पंधरा टक्के ही रक्कम लोकांना झेपते. तुमचे १५,००० हे ५०,००० च्या कामासाठी जास्त आहेत, सव्वा लाखाच्या कामासाठी बरोबर आहेत. हातात एकही जुना आराखडा नसताना पहिल्या दोन ग्राहकांना ८,००० सांगा. तेवढे घ्याच, आणि काम सुरू करण्याआधी घ्या. फुकट मात्र पहिल्यालाही करू नका.

"साईट तुमच्याकडूनच केली तर हे पैसे वजा कराल ना?" असं ते विचारतील, शंभर टक्के विचारतील. अनेक जण वजा करतात. मी करत नाही. वजा केले की आराखड्याचे पैसे म्हणजे साईटचा ॲडव्हान्स होऊन बसतो, आणि मग मी पुन्हा तिथंच येतो, साईट झाली तरच माझी कमाई. ज्या स्वातंत्र्यासाठी हे पैसे मागितले तेच हातातून जातं. त्यांना सांगा, "शेठ, वजा केले तर मला साईट विकायचीच घाई होईल. ती घाई मला नको आहे, आणि तुम्हालाही नको." एखादा व्यापारी यावर रुसतो. रुसू द्या. पुढे साईटचा दर ठरवताना थोडं सैल सोडता येईल, पण ती वेगळी बोलणी.

आता "आधी डिझाईन दाखवा" याचं उत्तर. "दाखवते" असंच म्हणा. तुमच्या आधीच्या चार साईट दाखवा, म्हणजे हात कसा आहे ते त्यांना कळेल. मग सांगा, "तुमच्यासाठी आज डिझाईन केलं, तर ते मी माझ्या मनानं केलेलं असेल. तुमच्या गिऱ्हाईकाला मी अजून भेटलेच नाही." घाई करणाऱ्याला म्हणीची आठवण करून द्यायलाही हरकत नाही. हळदीच्या व्यापाऱ्याला "पी हळद नि हो गोरी" वेगळी समजवावी लागणार नाही.

"आमचा पुतण्या कॉम्प्युटरचं शिकलाय, तो सांगतो सगळं फुकट," हे आलं तर पुतण्याला कमी लेखू नका. त्याला पाहणीत बरोबर घ्या. ऑर्डर शेवटी तोच बघणार आहे, आणि घरातला माणूस तुमच्या बाजूला आला की अर्धं काम झालं.

आणि "किती पानांची साईट, पानाला काय रेट?" यावर आकडा सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी. एकदा आकडा निघाला की पुढची सगळी बोलणी त्या आकड्याभोवती फिरतात. "किती पानं लागतील तेच आराखड्यात ठरेल" एवढं पुरे. अगदीच अडून बसले तर खालचा आणि वरचा असा अंदाज द्या, पन्नास हजारांपासून सव्वा लाखापर्यंत, आणि त्यांनीच विचारू द्या की एवढा फरक का. ते विचारतीलच, आणि तिथून पाहणीची गरज तुम्हाला समजावून सांगावी लागणार नाही.

सगळ्यांकडून पाहणीचे पैसे घ्यावेत असं मात्र मी म्हणणार नाही. डबे करून देणारी एखादी ताई आली, जिला फक्त गुगलच्या नकाशावर नाव, वेळ आणि फोन नंबर हवाय, तर पंधरा मिनिटं बसून तिला ते फुकट करून द्या. तिला वेबसाईट विकणं बरोबर नाही. दवाखान्याची चार पानांची साधी साईट असेल तर प्रश्नांची एक यादी भरून घेतली की भागतं, तिथं आठ हजारांची पाहणी लावली तर तो अन्याय होईल. जिथं पैसा, माल आणि माणसं साईटवर अवलंबून राहणार आहेत, तिथंच हे पैसे मागा. तिथं मागताना आवाज खाली जाणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पाहणीचं बिल स्वतंत्र करा, साईटच्या बिलात मिसळू नका. दोन ओळींचा का होईना, करार लिहा : काय मिळेल, किती दिवसांत मिळेल, पैसे कधी, आणि आराखडा ग्राहकाच्या मालकीचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करून घ्या, ती फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्यानं तुमच्यासारख्या छोट्या सेवा देणाऱ्याचं बिल करारानुसार, आणि करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं. त्यावर उशीर झाला तर व्याज लागतं. गावातल्या व्यापाऱ्यावर कायदा उगारायची वेळ सहसा येत नाही आणि येऊही नये, पण बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की बोलण्यातला सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

आता त्या क्लासकडे येतो, कारण तुमची खरी अडचण तिथंच सुटणार आहे. व्यापाऱ्यांना नमुना दाखवायला तुमच्याकडे एकही आराखडा नाही. तो करा, पुढच्या दोन संध्याकाळी बसून. क्लासच्या कामाच्या सुरुवातीला जो आराखडा व्हायला हवा होता तो आज लिहून काढा. पालक फोनवर काय विचारतात, ॲडमिशन कुठल्या महिन्यांत होतात, फॉर्ममध्ये कुठले रकाने लागतात, मजकूर कोण देणार होतं, कुठली पानं कधीच लागणार नव्हती. तुम्हाला हे सगळं आता माहीत आहे, सात महिने तुम्ही तेच शिकलात. क्लासचं नाव, गाव, सरांचं नाव सगळं काढून टाका. आठ पानं होतील. शेवटच्या पानावर दोन आकडे लिहा : असा आराखडा आधी असता तर लागला असता तो वेळ, आणि प्रत्यक्षात लागले ते सात महिने.

मग फोन करून व्यापाऱ्यांची वेळ मागा. सौदे आटोपल्यावरची मागा, म्हणजे लक्ष दुसरीकडे असणार नाही. लॅपटॉप नेऊ नका. ती आठ पानं छापून, स्टेपल करून त्यांच्या हातात द्या आणि वाचू द्या. मध्ये काही समजावून सांगायचा मोह होईल, तो आवरा. ते "काय करायचं नाही" या पानावर थांबतील. त्यांनी मान वर करून काही विचारलं, की तेव्हा पाहणीची रक्कम सांगा.